कंट्रोलरला ‘ड्रिफ्ट’ आलाय? सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ त्याचा साडेपाच हजारांचा कंट्रोलर कॅरीबॅगेत घालून माझ्याकडे आला. कॉलेज करून संध्याकाळी एका दुकानात काम करतो, त्या पैशांतून दीड वर्षापूर्वी घेतलेला. आता स्टिकला हात न लावताही गेममधला खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तो उघडूनही न बघता सांगितलं की वॉरंटी संपलीय, हे रिपेअर होत नाही, नवीन घ्या. “दादा, तू करशील का?” असं त्याने विचारलं, आणि यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने मी हो म्हणालो.

त्या कंट्रोलरचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी हा आजार समजून घेऊ, कारण तो कुठल्या एका कंपनीचा नाही.

बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा नॉब आठवतो? तोच प्रकार. कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते आणि ती कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलतं. समजा पट्टीला ३.३ व्होल्ट दिलेत, तर स्टिक मधोमध असताना चिपला साधारण १.६५ मिळायला हवेत. घासून घासून पट्टी झिजली, तिची पूड साचली, वर स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग ढिली झाली, की १.६५ च्या जागी १.५ येतात. चिपला वाटतं तुम्ही स्टिक ढकलताय. झाला ड्रिफ्ट.

म्हणजे हा अपघात नाही, झीज आहे. आयफिक्सिटने २०२१ मध्ये सोनीच्या ड्युअलसेन्समधल्या स्टिकचा हिशोब मांडला होता. त्या भागाचं आयुष्य त्याच्या निर्मात्यानेच सुमारे २० लाख फेऱ्यांचं सांगितलेलं, आणि जोरदार शूटिंग गेममध्ये ते साधारण ४१७ तासांत संपू शकतं असं त्यांचं गणित निघालं. रोज दोन तास खेळणाऱ्याचे सात महिने. निन्टेंडोच्या जॉय-कॉनबद्दल युरोपातल्या ग्राहक संघटनांकडे जवळपास २५,००० तक्रारी गेल्या, त्यानंतर २०२३ मध्ये कंपनीने तिथे वॉरंटी संपलेल्यांनाही ड्रिफ्टची दुरुस्ती फुकट करून द्यायचं मान्य केलं. तिथे. आपल्याकडे स्विच येतो तो बहुतेक आयात करणाऱ्या दुकानदाराकडून, त्यामुळे आपल्या तक्रारी कुठल्याच यादीत जात नाहीत.

यावर उपाय जुनाच आहे. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये काहीच घासत नाही. स्टिकच्या टोकाला चुंबक असतो आणि बाजूला बसवलेला सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो. सेगाच्या ड्रीमकास्टचा कंट्रोलर १९९८ मध्येच या तंत्रावर चालत होता! आता त्याहून कमी वीज खाणारे टीएमआर सेन्सरही आलेत आणि गुलिकिट, एटबिटडू यांसारखे ब्रँड परवडणाऱ्या कंट्रोलरमध्ये ते देतात. तरी २०२५ च्या स्विच २ मध्ये निन्टेंडोने हॉल इफेक्ट वापरला नाही. सोनीने ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिकचं मॉड्यूल हाताने काढता येईल असं केलं, पण ते सगळ्यात महागड्या कंट्रोलरमध्ये. माझ्या मते इथे तांत्रिक अडचण काहीच नाही. कंट्रोलर पुन्हा विकला जातो, एवढंच.

मग दुरुस्तीच्या हक्काचे कायदे होतायत त्यांचं काय? मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट इथे आहे. अमेरिकेत मिनेसोटा, कॅलिफोर्निया आणि ओरेगन या राज्यांनी असे कायदे केले. त्यात फोन आहे, लॅपटॉप आहे. गेमिंग कन्सोल मात्र तिन्ही कायद्यांतून नाव घेऊन वगळलेत. ओरेगनने तर २०२४ मध्ये ‘पार्ट्स पेअरिंग’वर बंदी घातली, म्हणजे सुटा भाग बदलला की सॉफ्टवेअरने तो नाकारायचा, त्या प्रकारावर. ज्या पीएस५ ची डिस्क ड्राइव्ह मदरबोर्डशी जोडी जमल्याशिवाय चालत नाही, त्याला ही बंदी लागूच होत नाही. युरोपियन युनियनचा दुरुस्तीचा नवा नियम ३१ जुलै २०२६ पासून लागू व्हायचा आहे. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रीज, फोन आहेत, कन्सोल नाही.

कंपन्यांचं म्हणणं असतं पायरसी. आणि ते अगदीच खोटं नाही हं. स्विचच्या मॉडचिप विकणाऱ्या टोळीतल्या एकाला २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झालीय. मदरबोर्डची कुलपं उघडी ठेवा असं मीही म्हणणार नाही. पण स्टिक हा चौदा पायांचा एक मुका भाग आहे. तो बदलून कोणी गेम चोरू शकत नाही. बॅटरी बदलूनही नाही, पंखा बदलूनही नाही. मग ‘कन्सोल’ या एका शब्दाखाली सगळंच कायद्याबाहेर कशाला?

सेकंड हँड घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. मे २०२५ मध्ये निन्टेंडोने आपल्या करारात लिहून टाकलं की नियमबाह्य बदल केलेलं उपकरण कंपनी कायमचं निकामी करू शकते. आधीच्या मालकाने काय उद्योग केलेत ते बाहेरून दिसत नाही. म्हणून वापरलेला स्विच २ घेताना तो ऑनलाइन चालतोय का ते विकणाऱ्यासमोर बघा, मगच पैसे द्या.

भारतात ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि २०२५ मध्ये समितीने वस्तूंना दुरुस्तीक्षमतेचे गुण द्यायची शिफारस केली. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. चांगलं आहे, पण कंट्रोलरचा नंबर कधी लागणार? माझी आशा थोडी उलट्या बाजूने आहे. युरोपचा बॅटरीचा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागतोय आणि त्यात उपकरणाचं नाव नाही, छोटी बॅटरी असलेल्या बहुतेक वस्तू त्याखाली येतात. ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता आली पाहिजे, असा तो नियम. त्यासाठी कंपन्यांना कंट्रोलर सहज उघडणारा बनवावा लागेल, आणि एका खंडासाठी वेगळा साचा ठेवणं कोणाला परवडत नाही. यूएसबी-सीच्या वेळी हेच झालं होतं.

आता माझा पराक्रम.

आधी फोनवर तपासलं. हे तुम्हीही करा, फुकट आहे. कंट्रोलर ब्लूटूथने अँड्रॉइड फोनला जोडा आणि क्रोममध्ये कुठलीही गेमपॅड टेस्टर साइट उघडा. स्टिक सोडून दिल्यावर आकडा शून्याच्या आसपास हवा. ०.०५ पर्यंत असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन थोडा वाढवून काम भागतं, स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही. आमचा आकडा होता ०.३१.

हॉल इफेक्ट मॉड्यूलची जोडी साडेतीनशे रुपयांना मिळाली. कंट्रोलर उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, इथवर छान. मग चौदा पाय. कारखान्यात वापरतात ते शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि बोर्डातलं तांबं उष्णता शोषत राहतं, म्हणून तेरा पाय मोकळे झाले तरी चौदावा धरून बसतो. मी पक्कडीने ओढला. पायाबरोबर बोर्डावरचा तांब्याचा ठिपकाही उखडून आला. समोर मावसभाऊ बसला होता, काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी आधी बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ओढलास ना?” प्रत्येक पायावर त्यांनी आधी शिशाचं सोल्डर चढवलं. ते १८३ अंशांना वितळतं, त्यात जुनं मिसळलं की सगळंच लवकर सैल होतं. दुसरी स्टिक दोन मिनिटांत हातात आली. उखडलेल्या ठिपक्याच्या जागी केसाएवढी तार टाकून जोडली. तीनशे रुपये घेतले.

नवी स्टिक बसल्यावर मध्यबिंदू किंचित सरकलेला असतो, कारण जुन्या स्टिकचे आकडे कंट्रोलरच्या मेमरीत असतात. काही कंट्रोलरसाठी ब्राउझरमधून चालणारी मोफत कॅलिब्रेशन टूल्स आहेत, आमच्यासाठी निघालं. आता आकडा ०.०१ आहे.

एकूण खर्च साडेसहाशे. तरी पहिल्यांदाच करणार असाल तर आधी एखाद्या मेलेल्या बोर्डावर हात बसवा, जुन्या बाजारात किलोने मिळतात. आणि कन्सोलचा पॉवर सप्लाय घरी उघडू नका. २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात.

हात बसवायला छोटा कॉम्प्युटर घ्यायचा विचार असेल, तर दिवस महागाईचे आहेत. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम महागली आणि १ डिसेंबर २०२५ ला ८ जीबीचा रास्पबेरी पाय ५, ८० डॉलरवरून ९५ वर गेला. मात्र २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेल्या पिकोला वेगळी रॅम लागतच नाही, २६४ केबी चिपमध्येच असते. त्यावर जीपी२०४०-सीई हे मोफत फर्मवेअर टाकलं की मोडक्या कंट्रोलरच्या बटणांना तारा जोडून चालणारा यूएसबी कंट्रोलर तयार होतो.

मावसभावाने कालच घरातल्या माळ्यावरून त्याचा जुना, दोन्ही स्टिक गेलेला कंट्रोलर शोधून काढलाय. रविवारी येतोय. यावेळी सोल्डरिंग गन तो धरणार आहे.