घोड्याचा खरारा आणि धन्याचा हात

शेतीकामास घोड्याची गरज आतां उरली नाहीं, हें खरें. तथापि मार्गशीर्षांत सारंगखेडें व माळेगांव येथील यात्रा भरल्या म्हणजे आपल्यापैकीं कित्येक शेतकरी मोठी रक्कम मोजून घोडें घरीं आणतात. बाजारांत अंगावर दिसणारी झळाळी पुष्कळदां तेलाची असते. ती टिकविण्याकरितां घरींही तेल आणि रोजचें स्नान हाच मार्ग धरला जातो. हा मार्ग चुकीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेलावर धूळ बसते. अंग ओलें राहिल्यास कातडीवर बुरशी धरते. खरी कांति खराऱ्यानें येते. त्यानें वाळलेला घाम व मळ निघून कातडींतील स्निग्धांश केसांवर पसरतो.

रीत सोपी, पण क्रमाची आहे. डाव्या बाजूस मानेपासून आरंभ करून खरारा हलक्या हातानें गोल फिरवीत मागें यावें. मळ सुटला कीं ब्रशानें केसांच्या कलानें झाडावें व ब्रश वरचेवर खराऱ्यावर घासून साफ करावा. तोंड, गुडघे व त्याखालील पाय यांस लोखंडी खरारा लावूं नये. तेथें मऊ ब्रश वापरावा. डोळे व नाकपुड्या यांस एक फडकें, शेपटीखालीं दुसरें. चारही खूर उचलून बोथट आंकड्यानें टाचेकडून टोकाकडे साफ करावे. खुरांतून काळपट घाण व दुर्गंधी येऊं लागल्यास तो कुजूं लागला असें समजावें. खिळा रुतलेला आढळल्यास पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. घोडा धनुर्वातास फार लवकर बळी पडतो, म्हणून त्याची लस आधींच टोचून घ्यावी.

हें सर्व गडी करतो, मग धन्यानें हात कां घालावा, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, खरारा ही जशी सफाई तशीच रोजची तपासणी होय. तंगाखालची गांठ, पाठीवरची सूज, पायाची ऊब डोळ्यांस दिसण्यापूर्वीं तळहातास कळते. गड्यास ती कळत नाहीं असें नव्हे. बहुधा त्यालाच प्रथम कळते. परंतु उद्यांच्या वरातीचा विसार घेतलेला असतां घोड्यास विसावा देण्याचा अधिकार त्याला नसतो. सांगावें तर बोलणीं खावीं लागतात, म्हणून तो गप्प राहतो आणि घोडें जखमेवर खोगीर वाहतें. यांत दोष गड्याचा नव्हे. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी जशी कागदापुरतीच खरी, तशीच ओट्यावरून केलेली घोड्याची चौकशी. ज्याच्या हातीं निर्णय, त्याच्याच हातीं आठवड्यांतून निदान दोन वेळां खरारा असावा.

यांत गड्याच्याही जिवाचा प्रश्न आहे. नाकांतून चिकट स्राव व कातडीवर गांठींची माळ दिसल्यास खरारा थांबवावा, घोडें वेगळें बांधावें व सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवावें. ग्लँडर्स हा रोग माणसासही होतो.

यंदा घोडें आणणाऱ्या बंधूंस इतकीच विनंती, कीं गोंड्यांच्या खोगिराआधीं चांगला खरारा विकत घ्यावा आणि पहिल्या दिवशीं तो स्वतः धरावा.