टपरीवरचा राष्ट्रीय पेपर

"देश एक ठेवायचा तर बातमीची भाषा एक हवी. मराठी पेपर प्रादेशिकच; त्यांची नजर तालुक्यापलीकडे जात नाही," असं आमचे एक पुणेकर स्नेही ठासून सांगतात. मला मग दौंडजवळच्या पाटसची टपरी आठवते.

डिसेंबर २०२३. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या भीमा कारखान्याकडे निघालेल्या. टपरीतल्या टीव्हीवर एका 'राष्ट्रीय' हिंदी वाहिनीचे चौघं एकमेकांवर ओरडत होते. बाकड्यावरची माणसं मात्र चहाचे डाग पडलेल्या एका मराठी पेपरवर वाकली होती. ७ डिसेंबरला दिल्लीने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली होती. "आता भावाचं काय व्हायचं?" हाच एक घोर. हुकूम दिल्लीचा, झळ पाटसपासून मेरठपर्यंत. राष्ट्रीय बातमी म्हणतात ती आणखी कोणती?

इतिहासही स्नेह्यांच्या बाजूचा नाही. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला तो 'केसरी'तल्या मराठी लेखांवरून. त्यांचं इंग्रजी साप्ताहिक 'मराठा' १८८१पासून निघत होतं, पण सरकारला सलली ती मराठी. ज्युरीतल्या नऊपैकी सात युरोपियन. लेख त्यांच्यापुढे ठेवले ते भाषांतरातून, आणि सरकारी भाषांतरात शब्दांचा अर्थ कसा बिघडला यावर टिळक कोर्टात झगडले. शिक्षा झाली सहा वर्षांची. तालुक्यापुरत्या पेपरची कुणी एवढी धास्ती घेत नाही.

स्नेह्यांचा एक टोला मात्र खरा बसतो. जिल्हा आवृत्त्यांनी आम्हाला आमच्याच अंगणात कोंडलंय. दौंडच्या बाजार समितीची बित्तंबातमी मिळते. मेरठचा ऊसवाला त्याच हुकुमावर काय म्हणाला, याची ओळ नसते. पण म्हणून मराठी सोडायची? बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढला तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारी छापला. आज तसं कानडी, तेलुगू, हिंदी पेपरांतलं मराठीत थेट यायला हवं, दिल्लीच्या इंग्रजीचं उष्टं न चाटता. चांगले भाषांतरकार नेमा, त्यांना बरा पगार द्या. (पगाराचं नाव काढलं की संपादकांना एकदम राष्ट्रकार्य आठवतं, तो भाग वेगळा.)

त्या दिवशी पाटसच्या टपरीवर कर्नाटकातल्या बागलकोटकडचा एक ट्रकवाला चहा घेत होता. पेपरकडे बोट करून म्हणाला, "क्या लिखा है?"

बाकड्यावरच्या म्हाताऱ्याने चष्मा सारखा केला. "रस का इथेनॉल बंद. दिल्लीसे."

"हमारे उधर भी गन्नाच है," ट्रकवाला म्हणाला आणि बाकड्यावर सरकून बसला.