मुक्तिनाथला जाताना डोकेदुखी लपवू नका

सुटीचे दिवस जवळ आले, की बंगळूरच्या चिकपेट भागातही यात्रेचे बेत सुरू होतात. गलाईच्या धंद्यानिमित्त सांगली जिल्ह्यातून आलेली मराठी कुटुंबे या परिसरात आहेत. काशी-रामेश्वर झाले, आता नेपाळातील मुक्तिनाथ करावे, असे वडीलधाऱ्यांना वाटते. स्वेटर, कानटोप्या, लाडवांचे डबे अशी सगळी तयारी होते. उंचीचा विचार मात्र राहून जातो.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे, पोखरा त्याहूनही थोडे खाली. मुक्तिनाथ मात्र सुमारे ३,७०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच! पोखऱ्याहून विमान वीसेक मिनिटांत जोमसोमला, सुमारे २,७०० मीटरवर पोचवते. त्याच दिवशी जीपने आणखी वर गेल्यास शरीराला विरळ हवेची सवय होण्यास वेळच मिळत नाही.

म्हणून जोमसोम किंवा कागबेनी येथे एक-दोन रात्री मुक्काम करावा. सकाळी वर जाऊन दर्शन घ्यावे आणि झोपायला खाली यावे. पायी भटकंती करणाऱ्यांनी ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. ॲसिटाझोलामाइड या गोळीचा उपयोग होतो. परंतु ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तसे आधीच सांगावे. हृदयविकार, दमा वा रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि नेहमीची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

पोटाचीही काळजी हवी. पाणी उकळी फुटल्यावर तीन मिनिटे उकळू द्यावे. कच्ची कोशिंबीर, चिरून ठेवलेली फळे खाऊ नयेत. गरम डाळ-भात उत्तम! जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, चक्कर ही उंची बाधल्याची पहिली लक्षणे. ती दिसताच तेथेच थांबावे. बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, बसल्या जागीही धाप लागणे ही जिवावरची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे.

खरी अडचण वेगळीच असते. ‘माझ्यामुळे सगळ्यांची यात्रा नको मोडायला,’ म्हणून सासूबाई डोकेदुखी गिळतात आणि घरचे तो थकवा समजतात. तेव्हा निघण्याआधीच घरात ठरवून टाका: दुखले तर सांगायचे आणि एकाला त्रास झाला तर सर्वांनी थांबायचे. दर्शन पुढच्या वर्षीही घेता येईल. मात्र माणूस सुखरूप घरी परत यायला हवे.