कुंथत नाही, दाबून धरतंय

पडद्याआड टाचा उंचावून, पायांची घट्ट अढी घालून, तोंड लालबुंद करून उभं असलेलं चार वर्षांचं मूल दिसलं की आजी कळवळते, ‘किती कुंथतंय बिचारं!’ खरं तर ते शी दाबून धरत असतं. मागे कधीतरी खडा झाला होता, चीर पडली होती, ते दुखणं त्याच्या लक्षात आहे. आणि दाबून धरलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं, म्हणून पुढचा खडा आणखी मोठा होतो.

मुलांमधला बहुतेक मलावरोध असाच असतो. आतड्यात बिघाड नसतो. आठवड्यातून दोन किंवा कमी वेळा शी, दाबून धरणं, दुखणं, संडास तुंबेल एवढा मळ, अशांपैकी दोन गोष्टी महिनाभर दिसल्या तर २०१६च्या ‘रोम-४’ निकषांनुसार निदान होतं. एरवी एक्स-रेची गरज नसते. मात्र जन्मल्यावर ४८ तासांत पहिली शी झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर तपास वेगळा.

सगळ्यांत जास्त अन्याय होतो तो चड्डी खराब करणाऱ्या मुलावर. अडकलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, मुलाला कळतही नाही. घरात मात्र एक जण जुलाब थांबवायचं औषध आणतो, दुसरा धपाटा घालतो.

उपाय म्हणून विड्याच्या पानाचा तेल लावलेला देठ, साबणाची वडी, एरंडेल हे सगळं होऊन जातं. दुखऱ्या जागी पुन्हा काहीतरी खुपसल्यावर मुलाची भीती कशी जाणार? डॉक्टर देतात ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर मळातच पाणी धरून ठेवते. आधी तीन ते सहा दिवस मोठ्या मात्रेने साचलेलं काढायचं, मग किमान दोन महिने रोजची मात्रा, आणि महिनाभर त्रास नसेल तरच हळूहळू कमी. पण आठवड्यात पोट साफ झालं की ‘सवय लागेल’ म्हणून पुडी फडताळात जाते. सवय लागत नाही. दुखणं मात्र परत येतं.

जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवणं, कमोडवर लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट देणं, दुधाचे पेले आवरणं, हे घरच्यांना जमण्यासारखं आहे. शाळेचं काय? जिथे संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही आणि बाईंना विचारलं की वर्ग हसतो, तिथे मूल सकाळपासून सुटीची घंटा होईपर्यंत दाबूनच धरणार. पालकसभेत गणिताच्या गुणांआधी त्या कडीबद्दल विचारायला हवं.