पडद्यावर हरवलेला ‘जर’

रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची एक छोटीशी विज्ञानकथा आहे. नाव ‘अ साउंड ऑफ थंडर’, म्हणजे ढगांचा गडगडाट. १९५२ साली ती प्रथम छापून आली. चहाचा कप रिकामा होईपर्यंत वाचून संपेल एवढीच तिची लांबी. कालयंत्रात बसवून लोकांना शिकारीला नेणारी एक कंपनी आहे. रग्गड पैसे मोजा, सहा कोटी वर्षे मागे जा आणि डायनोसॉर मारून या, असा तिचा धंदा. अट एकच. जमिनीपासून वीतभर उंचीवर तरंगणारी धातूची पायवाट कंपनीने बांधली आहे, ती सोडायची नाही. गवताचे पातेही दुखावता कामा नये. मारायचा प्राणीसुद्धा असा हेरून ठेवलेला, की जो दोन मिनिटांनी झाड अंगावर पडून तसाही मरणारच आहे.

एवढी काळजी कशासाठी? कारण तिथे चुकून एक उंदीर मेला, तर त्याचा पुढचा सारा वंश गेला. त्या उंदरांवर जगणारे कोल्हे गेले, कोल्ह्यांमागोमाग सिंह गेले, आणि असे होता होता कुठला तरी माणूस जन्मालाच यायचा राहिला.

एकल्स नावाचा हौशी शिकारी तो अवाढव्य प्राणी समोर पाहून गर्भगळित होतो आणि पळता पळता पायवाटेवरून खाली उतरतो. घडते ते एवढेच. मंडळी परत येतात, तर कंपनीच्या पाटीवरचे स्पेलिंग बदललेले. हवेला कसला तरी निराळाच वास. आणि हुकूमशाही वृत्तीचा जो उमेदवार निवडणुकीत पडला म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकत होते, तोच आता निवडून आलेला! एकल्स थरथरत्या हातांनी बुटाचा चिखल खरवडतो. चिखलात एक मेलेले फुलपाखरू असते. यापुढचे दोन-तीन परिच्छेद इथे सांगत नाही, ते ज्याचे त्याने वाचावेत.

मराठी वाचकाला ही जातकुळी ओळखीची वाटेल. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी लागतच नाही, कानाजवळून निसटून जाते, आणि तेवढ्याने हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्याच वाटेला लागतो. कारण एवढेसे आणि परिणाम केवढा, या विचाराने वाचणारा क्षणभर सुन्न होतो. अशा कथांचे सारे बळ त्या क्षणात असते.

आता ब्रॅडबरीच्या या फुलपाखराचे सिनेमावाल्यांनी काय केले ते पाहू. २००५ साली याच नावाचा चित्रपट आला. दिग्दर्शक पीटर हायम्स. ‘गांधी’मुळे आपल्याला घरच्यासारखे वाटणारे बेन किंग्जले त्यात शिकार कंपनीचे मालक झाले आहेत. फुलपाखरू चिरडले जाते, इथपर्यंत ठीक. पण मग शिकागो शहरावर ‘काळाच्या लाटा’ येऊन आदळू लागतात. पहिल्या लाटेनंतर झाडे-वेली माजतात, पुढच्या लाटेनंतर अर्धे माकड आणि अर्धा डायनोसॉर असे प्राणी रस्त्यांवर फिरू लागतात. मग काय, बंदुका, पाठलाग, किंचाळ्या! आणि शेवटी नायक पुन्हा भूतकाळात जाऊन एकल्सचा पाय वेळेवर अडवतो. झाले, सगळे पूर्ववत.

या चित्रपटाची बाजू घेणारे सांगतात, की त्याचे नशीबच फुटके होते. प्रागमध्ये चित्रीकरण चालू असताना २००२ साली तिथे महापूर आला. पुढे मूळ निर्मिती कंपनीचेच दिवाळे निघाले आणि संगणकावरची करामत अर्धीकच्ची राहिली. हे सगळे खरे आहे. पात्रे रस्त्याने चालतात आणि मागची शहराची दृश्ये एखाद्या फोटो स्टुडिओतल्या पडद्यासारखी दिसतात, ते त्यामुळेच. पण समजा पूर आला नसता आणि तिजोरी भरलेली असती, तरी काय झाले असते? ते माकड-डायनोसॉर जास्त खरे दिसले असते, एवढेच. ब्रॅडबरीची सगळी धास्ती ही, की झालेली चूक निस्तरता येत नाही. चित्रपटाने ती निस्तरून दाखवली, तिथेच कथा मेली. पैशाचा त्यात दोष नाही.

पैशाचा दोष नाही हे ज्याला पटत नसेल, त्याने ‘आय, रोबॉट’कडे पाहावे. आयझॅक असिमॉव्हचा हा गाजलेला कथासंग्रह १९५० चा. विल स्मिथ नायक असलेला चित्रपट २००४ चा. खर्चाला हात आखडता घेतलेला नाही, यंत्रमानव अस्सल दिसतात आणि जगभरातून गल्लाही सुमारे ३५ कोटी डॉलरचा जमला. मग तक्रार कशाची?

तक्रार समजण्यासाठी असिमॉव्हचा हेतू माहीत हवा. त्याच्या आधीच्या बहुतेक यंत्रमानवकथा एकाच चाकोरीतून जात. माणूस यंत्र घडवतो, यंत्र माणसावर उलटते. या भीतीला असिमॉव्हने ‘फ्रँकेन्स्टाइन गंड’ असे नाव दिले आणि तिला उत्तर म्हणून आपले यंत्रमानव निर्माण केले. त्यांच्यासाठी तीन नियम केले. माणसाला इजा करायची नाही आणि आपल्या निष्क्रियतेने होऊही द्यायची नाही. पहिला नियम मोडत नसेल तर माणसाची आज्ञा पाळायची. आणि हे दोन्ही सांभाळून स्वतःचा जीव जपायचा. हे नियम १९४२ च्या ‘रनअराउंड’ या कथेत प्रथम स्पष्टपणे आले.

त्या कथेतली गंमत पाहा. बुध ग्रहावर एक यंत्रमानव खनिज आणायला गेला आहे आणि डबक्याभोवती वेड्यासारखा गोल गोल फिरतो आहे. आज्ञा दिली होती सहज बोलल्यासारखी, म्हणून दुसरा नियम थोडा दुबळा. यंत्रमानव महागाचा, म्हणून त्याचा स्वतःला जपण्याचा तिसरा नियम मुद्दाम बळकट केलेला. डबक्याजवळ धोका आहे. पुढे गेला तर तिसरा नियम मागे ओढतो, मागे आला तर दुसरा पुढे ढकलतो. बिचारा मधल्या मध्ये अडकला! शेवटी एक माणूस स्वतःला धोक्यात घालतो आणि पहिला नियम जागा होतो. गोळी नाही की स्फोट नाही, नुसते डोके चालवायचे काम.

चित्रपटाची पटकथा मुळात ‘हार्डवायर्ड’ नावाची एक स्वतंत्र खूनकथा होती. पुढे असिमॉव्हच्या पुस्तकाचे नाव, काही पात्रे आणि तीन नियम तिला चिकटवण्यात आले. श्रेयनामावलीतही चित्रपट पुस्तकावर आधारित आहे असे नाही, पुस्तकातून ‘सुचलेला’ आहे असे म्हटले आहे. पडद्यावर काय दिसते? यंत्रमानवांच्या झुंडी रस्त्यावर उतरून माणसांवर हात टाकतात आणि यंत्रांवर पहिल्यापासून अविश्वास असणारा पोलीस अधिकारी खरा ठरतो. ज्या भीतीविरुद्ध असिमॉव्हने लेखणी उचलली, तीच त्याच्या नावाने विकली गेली. न्याय म्हणून सांगायला हवे, की माणसांच्या भल्यासाठी यंत्रांनी कारभार हाती घेण्याची कल्पना त्या संग्रहातल्या शेवटच्या कथेतही आहे. पण तिथे हे इतके हळुवार आणि बिनबोभाट घडते, की ते चांगले की वाईट हे आपले आपल्यालाच ठरवावे लागते. चित्रपट ते ठरवून, वर बंदूक चालवून मोकळा होतो. संग्रहातली सुझन कॅल्विन ही रूपाने साधी, स्वभावाने करडी आणि बुद्धीने सगळ्यांना पुरून उरणारी शास्त्रज्ञ. पडद्यावर तिच्या वाट्याला नायकाच्या मागे धावणे आले.

तिसरे उदाहरण तर घरातलेच. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ या १८९५ च्या कादंबरीवर २००२ साली निघालेला चित्रपट वेल्सचा सख्खा पणतू सायमन वेल्स याने दिग्दर्शित केला. पणजोबांचा सवाल असा होता: मालक आणि मजूर यांच्यातली दरी अशीच वाढत गेली, तर आठ लाख वर्षांनी माणसाचे काय होईल? त्याचे उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. ऐतखाऊ वर्गाचे वंशज जमिनीवर नाजूक बाहुल्या होऊन राहतात, राबणाऱ्यांचे वंशज जमिनीखाली यंत्रे चालवतात आणि रात्री वर येऊन त्या बाहुल्यांना खातात. पणतूच्या चित्रपटात नायक कालयंत्र बांधतो तो मेलेल्या वाग्दत्त वधूला परत आणण्यासाठी, आणि मानवजातीचे दोन तुकडे होतात ते चंद्र फुटल्यामुळे! मालक सुटले, मजूर सुटले, सगळा ठपका चंद्रावर.

असे का होते? विज्ञानकथा उभी असते एका ‘जर’वर. जर असे झाले, तर? वेल्सपासून नारळीकरांपर्यंत सगळ्यांची चूल याच दगडांवर मांडलेली. लघुकथेला तेवढे पुरते. चित्रपटाला मात्र दोन तास भरायचे असतात. मग त्यात पाठलाग येतो, प्रेमिका येते, खलनायक येतो. शिवाय प्रेक्षक हायसे वाटून घरी जावा, अशी निर्मात्याची इच्छा असते; कथालेखकाला तर त्याने अस्वस्थ होऊन जावे असे वाटत असते. या ओढाताणीत यंत्रमानव टिकतो, कालयंत्र टिकते, फुलपाखरूही टिकते. ‘जर’ तेवढा गळून पडतो.

पण तो गळायलाच हवा असे नाही. जॉन कॅम्पबेलच्या १९३८ च्या एका कथेत अंटार्क्टिकातल्या तळावर परग्रहावरचा एक जीव सापडतो. तो कोणत्याही प्राण्याचे हुबेहूब रूप घेऊ शकतो. शेजारी बसलेला सहकारी खरा माणूस की तो, हे ओळखायचे कसे, हा तिचा ‘जर’. १९५१ च्या चित्रपटाने नेमके तेच टाकून दिले आणि एक धिप्पाड राक्षस आणला. तो चित्रपट चालला, आजही त्याचे चाहते आहेत. पण कॅम्पबेलची कथा त्यात नाही. १९८२ साली जॉन कार्पेंटरने ‘द थिंग’मध्ये तो प्रश्न पुन्हा मध्यभागी आणून ठेवला. तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपले आणि गल्लाही बेताचाच झाला. आज तो अभिजात मानतात. २०१६ चा ‘अरायव्हल’ तर ताजाच. टेड चँगच्या १९९८ च्या कथेत पटकथाकाराने कितीतरी भर घातली, देशोदेशींचा तणाव आणला, पण एका आईचा प्रश्न सोडला नाही. आपले मूल पुढे आपल्याला सोडून जाणार हे आधीच कळले, तरी त्याला जन्म द्याल का? म्हणजे बदल करणे हे पाप नव्हे. काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ओळखावे लागते, इतकेच.

तुम्ही म्हणाल, फसला एखादा चित्रपट तर फसला, पुस्तक तर कपाटात आहेच ना? आहे खरे. पण ‘पाहिलाय मी तो सिनेमा’ म्हणणारा मुलगा सहसा ते कपाट उघडत नाही. त्याच्यापुरता असिमॉव्ह म्हणजे रस्त्यावर दंगा करणारी यंत्रे. आज यंत्राशी गप्पा मारणे आणि त्याच्याकडून निबंध लिहून घेणे घरोघरी येऊन पोहोचले आहे. अशा वेळी यंत्रांविषयी मुलांच्या मनात नुसती धडकी असावी, की यंत्राला कोणते नियम घालावेत आणि ते कुठे अडतील याचा विचार असावा? धडकी पडद्यावर आयती मिळते. विचारासाठी त्या डबक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रमानवाकडे जावे लागते.

तेव्हा असे चित्रपट मुलांना खुशाल दाखवा, लाह्या खात स्वतःही पाहा. मात्र संपल्यावर त्यांना एवढेच विचारा: यातला ‘जर’ कोणता होता? सांगता आला तर चित्रपट जमला. नाही सांगता आला, तर मूळ कथा शोधून रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचा. तिला दोन तासही लागणार नाहीत.