लेकीला कॅमेरा घेताना



एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला लग्नातले फोटो आणि व्हिडिओ काढायचं काम करायचं आहे, तेही फक्त बायकांच्या बाजूचं. यंदा भिशी लागली, त्याचे ६० हजार हातात आहेत. अब्बा म्हणतात, एवढे पैसे घालून कॅमेरा कपाटात पडून राहिला तर? मामू म्हणतात, घ्यायचाच तर सगळ्यात भारी घ्या. त्या विचारतात, कोणता घेऊ?

शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो मी बरीच वर्षं काढते, त्या अनुभवावर लिहिते. तस्वीर या विषयावर उलमांमध्ये मतभेद आहेत. त्यात मी पडत नाही, आपल्या आलिमांना विचारून ज्याने त्याने ठरवावं. पण ज्या घरांत लग्नाचे फोटो काढले जातात, तिथे बायकांच्या हॉलमध्ये पुरुष फोटोग्राफर चालत नाही. मग नवरीचे फोटो चुलतबहिणींच्या मोबाइलवर निघतात आणि दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणी फिरतात. त्यामुळे चांगलं काम करणारी मुलगी हवीच आहे. प्रश्न पैसे कुठे घालायचे याचा आहे.

दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो. चोवीस, बत्तीस. अल्बमच्या पानाला चोवीस भरपूर झाले, तो आकडा बाजूला ठेवा आणि काम कुठे होणार ते डोळ्यांसमोर आणा. पडदे लावलेला हॉल, ट्यूबलाइट, स्टेजवर रंगीत एलईडी. नाहीतर नवरीची खोली, दहा बाय बाराची, त्यात पंधरा बायका. म्हणजे उजेड कमी आणि जागा त्याहून कमी. अशा ठिकाणी फोटो बॉडीपेक्षा लेन्सवर जास्त अवलंबून असतो.

लेन्सवर एफ म्हणून आकडा असतो. तो जितका लहान, तितकं आतलं भोक मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो. कॅमेऱ्यासोबत जी किट लेन्स मिळते ती बहुधा १८-५५ एमएमची असते. पुढे झूम केलं की तिचं भोक एफ ५.६ पेक्षा मोठं होत नाही. त्याच्या शेजारी एफ १.८ ची लेन्स ठेवा. ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. किट लेन्सवर जिथे सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडं ठेवावं लागतं आणि नवरीने मान हलवली की चेहरा पुसला जातो, तिथे १.८ वर दीडशेव्या भागात फोटो निघतो. हा फरक बॉडी बदलून सहज मिळत नाही.

(भोकाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ग्रहणाचा प्रकाश बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागेत घेऊन त्याचा आकार अभ्यासला होता. त्यांच्या ‘किताब अल-मनाझिर’चा लॅटिन अनुवाद १५७२ साली युरोपात छापला गेला. मात्र ‘कॅमेरा हा शब्द अरबी आहे’ हा जो मेसेज फिरतो तो पुढे पाठवू नका. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. आपला उर्दूतला ‘कमरा’ पोर्तुगीजमार्गे त्याच घराण्यातून आला.)

तर १.८ ची लेन्स, पण किती एमएमची? सगळे ५० सांगतात, कारण ती स्वस्त असते. पण आपल्या बजेटमधल्या बॉडीत सेन्सर लहान असतो, एपीएस-सी म्हणतात तो. त्यावर ५० ची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते. एकट्या चेहऱ्याला सुरेख, पण छोट्या खोलीत पाठ भिंतीला लागली तरी नवरी आणि तिची अम्मी एका चौकटीत बसत नाहीत. म्हणून पहिली लेन्स ३५ एमएमची घ्यावी, ५० नंतर. मोठ्या घोळक्याला किट लेन्सच वापरायची, ती टाकून देऊ नका. आणि १.८ हातात आली म्हणून सगळीकडे १.८ लावायचं नाही. दोन रांगांचा फोटो त्यावर काढला तर पुढच्या रांगेतली खाला स्पष्ट आणि मागच्या दादी धुरात, असं होतं. आणि अल्बम आल्यावर पहिला प्रश्न दादीच विचारतात! दोन रांगा असल्या की ५.६ करा आणि फ्लॅश लावा.

फ्लॅश समोरून चेहऱ्यावर मारला की जरीचं कापड आणि कपाळ दोन्ही चमकतात. त्याचं डोकं वर फिरवून पांढऱ्या छतावर मारा, उजेड मऊ होऊन खाली येतो. पण वर लाल किंवा हिरवा शामियाना असेल तर हे करायचं नाही. कापडाचा रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो.

बॉडी नवीनच हवी असं नाही. सोनीने २०१० पासून आणि कॅनन-निकॉनने २०१८ पासून मिररलेसची आपापली नवी लेन्स-व्यवस्था आणली. त्यामुळे जुन्या डीएसएलआर चांगल्या स्थितीत सेकंडहँड मिळतात. शिकायला आणि पहिल्या दोन वर्षांच्या कमाईला त्या पुरतात. मिररलेसमध्ये डोळ्यावर आपोआप फोकस धरण्याची सोय चांगली असते आणि व्हिडिओ सोपा जातो, म्हणून व्हिडिओचंच काम जास्त करायचं असेल तर सेकंडहँड मिररलेस बघा. ६० हजारांतले बॉडीवर ३५ च्या वर घालू नका. उरलेले लेन्स, फ्लॅश, दोन बॅटऱ्या आणि कार्डांना लागतात. मामूंना हे पटणार नाही, पण भारी बॉडी आणि किट लेन्स घेऊन अंधाऱ्या हॉलमध्ये उभी असलेली मुलगी काय करणार?

सेकंडहँड घेताना दोन गोष्टी दुकानात उभं राहून बघायच्याच. पहिली, लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा आणि काचेच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कितीही स्वस्त देत असले तरी परत ठेवा. दुसरी, निकॉनची डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतली बॉडी असेल तर तिच्यात फोकसची मोटर नसते. तिच्यावर ५० एमएम १.८ डी ही जुनी लेन्स बसते, पण ऑटोफोकस चालत नाही. ‘जी’ अक्षराची मागावी. नवीन माल घेत असाल तर जीएसटीचं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

बुरशीचं आणखी थोडं. रत्नागिरी, रायगड, मुंबईकडच्या घरांत पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लेन्स कशी वाचेल? चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत महिनाभर बंद ठेवली तर हमखास धरते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा त्यात ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ आत जातं. आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला आधी बुरशी लागते, म्हणजे अब्बांची काळजी तशी खरीच आहे.

आता आपल्याकडच्या लग्नांत हमखास येणारी अडचण, जी पुस्तकात क्वचित लिहिलेली असते. कॅमेऱ्यातला उजेडमापक समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकटीत काळे बुरखे जास्त असले की त्याला वाटतं अंधार आहे. मग तो उजेड वाढवतो, बुरखे राखाडी होतात आणि चेहरे पांढरेफटक. उलट पांढरे दुपट्टे जास्त असले की तो उजेड कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. बॉडीवर प्लस-मायनसचं चिन्ह असलेलं बटण असतं. काळं जास्त तर एक घर मायनस, पांढरं जास्त तर एक घर प्लस. सुरुवातीला हे उलटंच वाटतं. मुलीला घरीच काळी शाल आणि पांढरी चादर घेऊन बहिणीला बसवून सराव करू द्या, एका दुपारी समजतं.

व्हिडिओसाठी मेनूत पाल आणि एनटीएससी असे दोन पर्याय असतील तर पाल निवडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं आणि पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. पंचवीस फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. स्टेजवरच्या स्वस्त एलईडी कधी कधी तरीही छळतात, तेव्हा १/१०० करून बघावं. जुने बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, तेव्हा घड्याळाकडे लक्ष हवं. फोर-के व्हिडिओ बऱ्याच कॅमेऱ्यांत तासाला साधारण ४५ जीबी खातो. म्हणून फुल एचडीच ठेवा, घरच्या टीव्हीवर तेवढं छान दिसतं.

आणि आवाज. वकील आणि गवाह नवरीकडे इजाजत घ्यायला येतात, तो क्षण दोन मिनिटांचा. ती हळूच ‘हां’ म्हणते. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर त्या जागी फक्त पंखा ऐकू येतो. नवरीच्या परवानगीने दुपट्ट्याला छोटा माइक लावा, किंवा मोबाइलचं रेकॉर्डर चालू करून उशीजवळ ठेवा. तिच्या अम्मी पुढची वीस वर्षं तेवढंच परत परत ऐकतील.

आता जे मला पत्राच्या उत्तरात सगळ्यात ठामपणे सांगायचं आहे ते. बायकांच्या बाजूचे फोटो ही अमानत आहे आणि मुलीचा धंदा त्यावरच उभा राहील किंवा बसेल. अमानत सांभाळायची म्हणजे नुसती नियत चांगली असून भागत नाही, काही गोष्टी माहीत असाव्या लागतात. कार्डावरून फोटो डिलीट केला किंवा कार्ड फॉरमॅट केलं तरी तो बहुधा परत काढता येतो, त्यासाठी साधी सॉफ्टवेअर मिळतात. म्हणून वापरलेलं कार्ड कुणाला विकायचं नाही, उसनं द्यायचं नाही, आणि कॅमेरा दुरुस्तीला देताना कार्ड काढून घरी ठेवायचं. कॅमेऱ्याचं मोबाइल ॲप फोटो आपोआप फोनवर ओढतं, फोन ते पुढे क्लाउडवर चढवतो, आणि तोच अकाउंट भावाच्या फोनवरही चालू असतो. हे ॲप लग्नाच्या कामासाठी टाकूच नये. एडिटिंग बाहेरच्या लॅबमध्ये न देता घरच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या पासवर्डखाली करावं. अल्बम छापायला द्यायचा झाला तर कोणते फोटो जातील ते नवरीच्या घरी विचारून.

कामाआधी एका कागदावर लिहून घ्यावं: फोटो कुणाच्या हातात द्यायचे, किती दिवसांनी आपल्याकडची प्रत पुसायची, आणि कुठेही टाकायचे नाहीत. पेनड्राइव्ह नवरीच्या किंवा तिच्या अम्मीच्याच हातात, ‘मी देतो पोचवून’ म्हणणाऱ्या दिराच्या नाही. मुली म्हणतात, मग आमचं काम लोकांना दाखवायचं कसं? मेहंदीचे हात दाखवा. दस्तरखान, फुलांची चादर, छुहाऱ्यांचं ताट, दागिन्यांचा डबा दाखवा. चेहरा न दाखवता चांगला फोटो काढता येणं हे जास्त अवघड आहे, आणि तो बघून कोणीही समजेल की हिला काम येतं.

रात्री उशिरा वलीम्याहून परतताना घरातलं कुणीतरी सोबत असावं, हे त्या भगिनींना मी सांगायला नको.

अब्बांना माझा एक सल्ला. मोठ्या शहरांत कॅमेरा आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. नात्यातली एखादी मेहंदी किंवा अकीका जवळ आला असेल तर त्या एका दिवसासाठी बॉडी आणि ३५ एमएमची लेन्स भाड्याने आणा, मुलीला पैसे न घेता पूर्ण कार्यक्रम करू द्या. सहा तास उभं राहून, गर्दीत, जेवायला न बसता. दुसऱ्या दिवशी ती ते चारशे फोटो निवडायला स्वतःहून बसली तर तिच्यासोबत दुकानात जा. नाही बसली तर भिशीचे पैसे आहेत तिथेच राहू द्या.