शर्यत, श्रम आणि समता

येवल्यातील विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लिहू लागले की इतिहासाच्या अभ्यासकाची लेखणी आपोआप १३ ऑक्टोबर १९३५ या दिवसाकडे वळते. त्या दिवशी बाबासाहेबांनी याच भूमीवर धर्मांतराची घोषणा केली. नागपूरची धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. या दोन दिवसांमधले अंतर एकवीस वर्षे आणि एक दिवस एवढे आहे. घोषणेच्या उत्साहात दुसऱ्याच दिवशी दीक्षा उरकणे अवघड नव्हते. बाबासाहेबांनी तसे केले नाही. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय, मधल्या काळात राज्यघटनेचे काम आणि या सगळ्याच्या जोडीला निरनिराळ्या धर्मांचा अखंड अभ्यास, अशी ती वाटचाल होती. अंतिम रेषा कोठे आहे हे पक्के ठाऊक असणारा आणि म्हणूनच पहिल्या फेरीत दम घालवून न बसणारा धावपटू जसा धावतो, तशी ही एकवीस वर्षे आम्हांस दिसतात.

धावपटूचा दृष्टान्त आम्ही सहज दिलेला नाही. स्मरणिकांमधून आपण परीक्षांचे निकाल, पदव्या आणि नोकऱ्या यांविषयी पुष्कळ लिहितो. पटांगणाविषयी क्वचितच लिहितो. आपल्या बहुतेक घरांत मुलाचे धावणे सुरू होते ते पोलीस भरतीची जाहिरात निघाल्यावर. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, यालाच आपली मुले ‘ग्राउंड’ म्हणतात. मग पहाटे नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने डांबरावर जिवाच्या आकांताने धावणे सुरू होते आणि पंधरा दिवसांत नडगी दुखू लागते. नोकरीसाठी धावण्यात कमीपणा मुळीच नाही. तथापि शरीराला शिस्त लावण्याचे शिक्षण अठराव्या वर्षी घाईने उरकायचे नसते. ते दहाव्या वर्षी, शाळेच्या पटांगणावर सुरू व्हावयास हवे. पटांगण काय शिकवते, आणि कोणती गोष्ट त्याने शिकवली असे चुकीने सांगितले जाते, या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला धडा अविनाश साबळे यांच्याकडून घेऊ. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला आणि महार रेजिमेंटचा जवान झाला. या रेजिमेंटचा इतिहास आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक असावा. १८९२ नंतर इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात दार थोडे उघडले आणि युद्ध संपताच पुन्हा लागले. अखेर बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात निरनिराळ्या जातींचे आणि प्रांतांचे जवान आहेत. आपल्या माणसांनी अर्धशतक झगडून उघडलेले दार पुढे सर्वांच्या उपयोगी पडले.

साबळे सियाचीनच्या हिमात राहिले, राजस्थानच्या उन्हात राहिले आणि मग धावण्याकडे वळले. त्यांचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. तीत अठ्ठावीस वेळा आडवी फळी आणि सात वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. २०१८ मध्ये त्यांनी गोपाल सैनी यांचा सदतीस वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला तेव्हा त्यांची वेळ ८ मिनिटे २९.८० सेकंद होती. २०२४ मध्ये पॅरिसला ती ८ मिनिटे ९.९१ सेकंद झाली. हिशेब केला तर सहा वर्षांत वीस सेकंदांहूनही किंचित कमी, म्हणजे वर्षाला साडेतीन सेकंदही नाहीत. ज्या मुलास पहिल्या चाचणीत कमी गुण पडले म्हणून पुस्तक मिटावेसे वाटते, त्याला हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी याच प्रकारात सुवर्ण मिळवले.

दुसरा धडा ताकदीच्या व्यायामाचा. जोर-बैठका असोत वा लोखंडी वजने, नियम एकच. भार थोडाथोडा वाढवायचा आणि वाढवल्यावर शरीराला विश्रांती द्यायची. स्नायू व्यायाम करताना थकतो. तो बळकट होतो ते नंतर, पोटभर सकस अन्न आणि पुरेशी झोप मिळाल्यावर. त्यातही स्नायूंपेक्षा अस्थी आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. म्हणून अंगात जोर आला असे वाटत असतानाच उतावळ्या मुलाला दुखापत होते.

हेच तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला सांगितले होते. श्रीमंत घरात सुखात वाढलेला सोण भिक्खू झाल्यावर चंक्रमण करताना इतका चालला की त्याच्या तळपायांतून रक्त आले. एवढे करूनही मुक्ती मिळत नाही म्हणून तो निराश झाला आणि घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. सम्यक व्यायाम हा अष्टांगिक मार्गाचा एक भाग आहे. तेथील ‘व्यायाम’ या शब्दाचा अर्थ प्रयत्न असा आहे हे खरे, परंतु पटांगणावर दोन्ही अर्थ एकत्र येतात.

येथवर कोणाचाही मतभेद असणार नाही. खरा प्रश्न यापुढचा आहे. पटांगणाच्या या धड्यातून हल्ली एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो. घड्याळ जात विचारत नाही, रेषा सर्वांना एकच, मग जो घाम गाळील तो जिंकेल. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृहे हवीत कशाला? आपल्या काही यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या तोंडीही ही भाषा ऐकू येते, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाला गप्प बसता येत नाही.

प्रथम पाळवणकर बाळू यांचे उदाहरण पाहावे. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या मैदानावर घाम गाळून मोठा झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. मैदानावर ते सवर्ण खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळत आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही देण्यात आले नाही. पुढे १९२३ मध्ये ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळूंच्या श्रमात काय उणे होते? उणे समाजात होते.

येवल्याच्या घोषणेनंतर लगेच, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण लिहिले. लाहोरच्या आयोजकांनी ते होऊ दिले नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापले. त्यात समतेच्या विवेचनात त्यांनी माणसाच्या सामर्थ्याचे तीन आधार सांगितले आहेत: जन्माने मिळालेली शारीरिक देणगी, समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे पालनपोषण, शिक्षण, साधने, आणि तिसरा आधार स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांच्या बाबतीत माणसामाणसांत फरक करणे एकवेळ समजू शकते. परंतु पहिल्या दोन बाबतींत जे मागे आहेत त्यांना तसेच मागे ठेवून शर्यत लावली, तर तेथे गुणवंताची निवड होत नाही, आधीच पुढे असलेल्याची होते, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. शर्यतीचे घड्याळ फक्त प्रारंभरेषेपासून मोजते. त्या रेषेपर्यंत येण्यासाठी कोणाला किती चालावे लागले, हे ते मोजत नाही.

आपल्या जिल्ह्यातील दोन खेळाडूंची नावे ‘काही नसताना पुढे आले’ म्हणून नेहमी घेतली जातात. आदिवासी पट्ट्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. येवल्याला लागून असलेल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करीत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळवला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण जिंकले. या दोघांची जिद्द वंदनीयच आहे. परंतु कविताताईंना नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले आणि दत्तूंच्या हाती वल्हे आले ते सैन्यात गेल्यावर. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात कोणत्या मुलाला कळणार की आपले खांदे नौकेसाठी घडले आहेत? संस्थेने हात दिला तेव्हा जिद्दीला दिशा मिळाली. ज्यांना तो हात मिळाला नाही, त्यांच्या नावांची नोंद कोठेच होत नाही.

सोणाच्या कथेचा एक उत्तरार्ध आहे. तो फारसा सांगितला जात नाही. त्याचे रक्ताळलेले पाय पाहून तथागतांनी त्याला पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही. सर्व संघाला अनुज्ञा मिळाली तरच आपण वापरू, असे तो म्हणाला. तथागतांनी ती सर्व संघाला दिली. वीणेच्या तारेचा उपदेश आणि पायांत पादत्राण, या दोन्ही गोष्टी विनयपिटकात एकाच कथेत येतात. आमच्या मते निवासी विद्यालयाच्या क्रीडाधोरणाला याहून चांगला आधार सापडणार नाही. प्रयत्न कसा करावा हे शिकवायचे, आणि प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकाच्या पायांत बूट आहेत की नाहीत हेही पाहायचे.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. स्मृतिचिन्हे आणि शालींवर होणाऱ्या खर्चातला काही भाग वसतिगृहाच्या ताटातील अंडी, दूध आणि उसळीसाठी राखून ठेवावा. धावपट्टीची माती दरवर्षी पावसाळ्यानंतर सारखी करून घ्यावी आणि बूट देताना निवडक विजेत्यांचाच विचार न करता सर्वांना द्यावेत. दहावीच्या वर्षी पटांगण बंद करण्याची रीत सोडावी. रोजचा पाऊण तास अभ्यासाला मारक नाही, आणि रात्रीची पुरी झोप तर दोहोंना उपकारक आहे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुट्टीत घरी आलेल्या मुलीचे धावणे ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्यावर थांबवू नये. ज्या समाजाने मंदिराच्या दारापाशी आणि तळ्याच्या काठी लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही, त्याने आपल्या लेकीच्या वाटेत ते वाक्य आडवे घालावे, हे शोभत नाही.

आपली सगळीच मुले साबळे वा राऊत होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नको. परंतु येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी कळाव्यात. आपल्या वाट्याची फेरी आपल्यालाच धावायची आहे; तेथे सबब चालत नाही. आणि प्रारंभरेषेशी येऊ न शकलेल्यांसाठी रस्ता करणे हेही आपलेच काम आहे; तेथे अहंकार चालत नाही. मुक्तिभूमीच्या मातीत वाढलेल्या मुलांकडून यापेक्षा कमी अपेक्षा आम्ही करीत नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!